पदक घडते तेव्हा…

विजेत्याच्या गळ्यातली ती चकती कुणाला सुचते, कशी घडते आणि घरी आल्यावर तिचे काय होते?

जिंकणाऱ्याचे नाव घराघरांत पोहोचते. त्याने भाला किती मीटर फेकला, कितव्या मिनिटाला प्रतिस्पर्ध्याला चीत केले, त्याची आई काय म्हणाली, हे सगळे आपल्याला पाठ असते. पण त्याच्या गळ्यातल्या पदकावर काय कोरले आहे, ते कुणाला सुचले आणि तेच का सुचले, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

हा प्रश्न विचारायला दिल्लीसारखी जागा नाही. राजधानीने १९५१ आणि १९८२ मध्ये आशियाई स्पर्धा भरवल्या, २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धा भरवल्या आणि २०२५ मध्ये दिव्यांग खेळाडूंची जागतिक मैदानी स्पर्धाही इथेच झाली. शिवाय राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या पानिपत, सोनीपत, रोहतक, झज्जर या जिल्ह्यांतल्या घरांत ऑलिंपिकची पदके आली आहेत. पानिपत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वेगळेच काही येते. नव्या पिढीला मात्र तो नीरज चोप्राचा जिल्हा म्हणून ठाऊक आहे.

या घरांतली पदके शेजारी शेजारी ठेवली, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. एकही दुसऱ्यासारखे नाही. प्रत्येकावर ते देणाऱ्या शहराने स्वतःबद्दल काहीतरी सांगितले आहे, आणि तेही घरच्या पुरीएवढ्या जागेत!

सोन्याच्या पदकात सोने किती?

आधी सर्वांच्या मनातला प्रश्न. सुवर्णपदक सोन्याचे असते का? नसते. ऑलिंपिकच्या नियमाप्रमाणे सुवर्णपदक किमान ९२.५ टक्के शुद्धतेच्या चांदीचे असावे लागते आणि त्यावर निदान ६ ग्रॅम सोन्याचा मुलामा द्यावा लागतो. म्हणजे सोने जेमतेम अर्ध्या तोळ्याहून किंचित अधिक. पूर्ण सोन्याची पदके शेवटची दिली गेली ती १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये.

आधुनिक ऑलिंपिकची सुरुवात झाली ती १८९६ मध्ये, अथेन्सला. तेव्हा तर पहिल्या क्रमांकालाही चांदीचेच पदक मिळाले होते, सोबत ऑलिव्हची फांदी. सुवर्ण, रौप्य आणि कांस्य ही तीन पायऱ्यांची पद्धत १९०४ च्या सेंट लुई स्पर्धेपासून रूढ झाली.

पदक गळ्यात घालण्याची चालही तशी अलीकडची. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते प्रथम साखळीला अडकवून गळ्यात घातले गेले. त्याआधी विजेत्याच्या हाती पदक दिले जाई. तीन पायऱ्यांचा विजयमंच मात्र ऑलिंपिकच्या आधी राष्ट्रकुल स्पर्धांत आला. या स्पर्धा तेव्हा ‘ब्रिटिश साम्राज्य क्रीडा स्पर्धा’ या नावाने ओळखल्या जात. १९३० मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनला त्या प्रथम भरल्या, तिथे खेळाडू असे उंच-सखल उभे राहिले, आणि ही कल्पना १९३२ मध्ये ऑलिंपिकने उचलली.

एक चित्र, बहात्तर वर्षे

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले, ते लोकांनी गोळा केलेल्या पैशांवर. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, ही हकिकत महाराष्ट्रात आजही आदराने सांगितली जाते. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले.

खाशाबांच्या पदकावर एक स्त्री बसलेली आहे. ती ग्रीकांची विजयदेवता, नायकी. तिच्या एका हातात ताडाची झावळी, दुसऱ्या हातात विजेत्यासाठी मुकुट. जुझेप्पे कासिओली या इटालियन कलावंताने हे चित्र तयार केले आणि १९२८ च्या अॅमस्टरडॅम स्पर्धेपासून ते पदकावर आले. पुढे २००० च्या सिडनीपर्यंत मुख्य बाजूवर हीच कल्पना टिकून राहिली.

गंमत अशी की या चित्रात एक घोटाळा होता. देवता ग्रीकांची, पण तिच्यामागे दिसणारे क्रीडागार रोमच्या कोलोझियमच्या वळणाचे! ऑलिंपिक ही ग्रीसची परंपरा. तिच्या पदकावर रोमची वास्तू कशी, अशी टीका सिडनी स्पर्धेच्या वेळी ग्रीक वृत्तपत्रांनी केली. पण तोवर बदलायला वेळ उरला नव्हता. त्याच सिडनीत वेटलिफ्टर कर्णम मल्लेश्वरीने कांस्यपदक मिळवले आणि ऑलिंपिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. पुढे दिल्लीच्या क्रीडा विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झालेल्या मल्लेश्वरीच्या त्या ऐतिहासिक पदकावर ती चूक कायमची कोरली गेली आहे.

२००४ मध्ये स्पर्धा अथेन्सला परतल्या तेव्हा ग्रीक दागिने-रचनाकार एलेना व्होत्सी हिने चित्र बदलले. आता विजयदेवता बसलेली नाही. ती अथेन्सच्या जुन्या संगमरवरी क्रीडागारात उतरताना दिसते. इतक्या लहान जागेतल्या एका इमारतीने काय फरक पडतो, असे कुणी म्हणेल. पण पदक पुसून पुन्हा लिहिता येत नाही. म्हणूनच चित्र पक्के करण्याआधी इतिहास जाणणाऱ्या माणसाला ते दाखवून घेणे बरे.

कागदापासून ठशापर्यंत

चित्र पक्के झाले की खरे काम सुरू होते. जुन्या पद्धतीत शिल्पकार पदकाच्या कितीतरी पट मोठा नमुना प्लास्टरमध्ये करतो. मग एक यंत्र त्या नमुन्यावरून सुई फिरवत फिरवत तेच चित्र लहान करून पोलादावर कोरते. हा झाला ठसा. आता हे काम बरेचसे संगणकावर होते, पण शिल्पकाराची नजर लागतेच. कागदावर सुंदर दिसणारी रेघ धातूवर उठेलच असे नाही. उठाव फार कमी ठेवला तर चित्र दिसत नाही. फार ठेवला तर ठसा नीट भरत नाही, आणि उंच भाग लवकर झिजतो.

मग धातूच्या चकतीवर ठसा मारला जातो. तोही एकदा मारून भागत नाही. दाबाने धातू कडक होतो, म्हणून चकती तापवून मऊ करायची आणि पुन्हा दाबायची. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची पदके ब्रिटनच्या शाही टांकसाळीत घडली, तेव्हा ९०० टन दाबाच्या यंत्राखालून प्रत्येक पदक पंधरा वेळा गेले होते. त्यानंतर मुलामा, कडेवर खेळाचे आणि प्रकाराचे नाव, वरून रक्षक वार्निश आणि शेवटी फीत.

हे तंत्र आपल्याकडे नवे नाही. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार ठिकाणी सरकारी टांकसाळी आहेत. कोलकात्याच्या अलीपूर टांकसाळीत भारतरत्न आणि पद्म पुरस्कारांची पदके घडतात. दिल्लीला खेटून असलेली नोएडाची टांकसाळ १९८८ ची. तिथून निघालेल्या नाण्यावर सालाखाली एक बारीक ठिपका असतो. घरातल्या चिल्लरीत मुलांनी तो जरूर शोधावा.

रोहतक, पानिपत, झज्जर

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपासून पदकाची एक बाजू यजमानांना मोकळी मिळाली. तेव्हापासून प्रत्येक शहर त्या बाजूवर आपली ओळख मांडू लागले. बीजिंगने २००८ मध्ये पदकात जेड नावाचा दगड बसवला, कारण चीनमध्ये जेडला सोन्याहून अधिक मान. भिवानीचा मुष्टियोद्धा विजेंदर सिंग याच्या कांस्यपदकातही तो आहे.

रोहतक जिल्ह्यातल्या मोखरा गावच्या साक्षी मलिकने २०१६ मध्ये रिओला कुस्तीत कांस्यपदक जिंकले. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला मल्ल. रिओच्या पदकाचे वजन ५०० ग्रॅम. ब्राझीलने ठरवले होते की सुवर्णपदकांचे सोने पारा न वापरता काढलेले असावे, आणि रौप्य-कांस्य पदकांतला ३० टक्के धातू पुनर्वापरातला असावा. सोन्याच्या खाणींतून नद्यांत जाणारा पारा ही त्या देशाची जुनी दुखरी जागा आहे. तिच्यावरचा उपाय त्यांनी पदकाच्या धातूतच घातला.

पानिपत जिल्ह्यातल्या खंडरा गावचा नीरज चोप्रा आणि सोनीपत जिल्ह्यातल्या नाहरी गावचा मल्ल रविकुमार दहिया यांची पदके टोकियोची. जपानने लोकांना आवाहन केले होते, घरात पडून असलेले जुने मोबाइल फोन आणि विजेची लहानसहान उपकरणे आणून द्या. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात ७८,९८५ टन उपकरणे जमली. त्यांत ६२ लाखांहून अधिक मोबाइल होते. त्यांतून ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य मिळाले आणि सुमारे ५,००० पदके घडली. नीरजने ७ ऑगस्ट २०२१ रोजी ८७.५८ मीटर भाला फेकून मिळवलेले सुवर्णपदक अशा असंख्य अनोळखी घरांच्या कपाटांतून आले आहे!

या पदकाचे चित्र निवडण्यासाठी जपानने खुली स्पर्धा घेतली. व्यावसायिक कलावंतांनी आणि कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी मिळून ४०० हून अधिक प्रवेशिका पाठवल्या. निवड झाली जुनिची कावानिशी यांच्या चित्राची. खडबडीत दगड घासत घासत उजळत जावा तशी त्या पदकाची घडण आहे. घासल्याशिवाय चमक येत नाही, हे खेळाडूला वेगळे सांगायला नकोच.

झज्जर जिल्ह्यातल्या गोरिया गावच्या मनू भाकरने २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत दोन कांस्यपदके मिळवली. दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये घडलेला अमन सेहरावत आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे यांच्याकडेही पॅरिसचे कांस्य आले. या पदकांच्या मध्यभागी षटकोनी आकाराचा लोखंडाचा एक तुकडा बसवलेला आहे, वजन १८ ग्रॅम. हे लोखंड आयफेल मनोऱ्याच्या डागडुजीत काढून जपून ठेवलेले. म्हणजे पॅरिसने आपल्या मनोऱ्याचे तुकडे करून जगभर वाटले! ही रचना शोमे या जुन्या फ्रेंच जवाहिऱ्याच्या पेढीने केली आणि पदके पॅरिसच्या टांकसाळीत घडली.

काळे पडलेले कांस्य

पॅरिसची कल्पना सर्वांना आवडली. पण पदके घरोघर गेली आणि काही दिवसांतच तक्रारी सुरू झाल्या. अमेरिकेचा स्केटबोर्डपटू नायजा ह्यूस्टन याने आपले कांस्यपदक आठवडाभरात कसे काळवंडले आणि त्याचे पापुद्रे कसे निघू लागले, ते जगाला दाखवले. शंभराहून अधिक पदके परत आल्याचे वृत्त होते. मनू भाकरच्या पदकांचाही रंग उडाल्याच्या बातम्या जानेवारी २०२५ मध्ये आल्या. वरच्या वार्निशात दोष असल्याचे सांगितले गेले आणि टांकसाळीने अशी पदके बदलून देण्याची तयारी दाखवली. रिओची पदकेही याच कारणाने परत गेली होती.

आपल्या गृहिणींना यात नवल वाटणार नाही. कांस्य म्हणजे मुख्यतः तांबे. तांब्या-पितळेची भांडी हवेने आणि हाताच्या घामाने काळी पडतात, हे त्या पिढ्यान्पिढ्या पाहत आल्या आहेत. (पदक मात्र चिंच किंवा लिंबू लावून घासू नये. आंबटाने वरचा थर आणि मुलामा जातो, आणि बारीक कोरीवकामही बोथट होते. कोरड्या मऊ फडक्याने पुसून कोरड्या जागी ठेवावे, हे उत्तम.)

पण पदक बदलून दिले म्हणजे प्रश्न मिटतो का? खेळाडूने विजयमंचावर दाताखाली धरलेले, आईच्या गळ्यात घातलेले, देवापुढे ठेवलेले पदक ते. त्याच्या जागी नवे कोरे पदक मिळेल, पण त्याला मंचावरच्या त्या क्षणाचा स्पर्श झालेला नसेल. पदक काचेच्या पेटीत ठेवण्याची वस्तू आहे असे समजून ते घडवले, की अशी फसगत होते. आपल्याकडे तर पदक आधी गावभर फिरते. शेजारीपाजारी ते हातात घेतात, लहान मुले गळ्यात घालून फोटो काढतात, आजी पदराने पुसते. रचनाकाराने हे सगळे हात आधी डोळ्यांपुढे आणायला हवेत.

हातांनी वाचायचे पदक

हातांचा सर्वांत चांगला विचार कुठे झाला असेल, तर तो दिव्यांग खेळाडूंच्या पॅरालिंपिक स्पर्धांत. ज्या खेळाडूला दिसत नाही त्याने आपले पदक सोन्याचे की चांदीचे, हे दुसऱ्याला का विचारावे?

२०१६ मध्ये रिओने यावर फार गोड उत्तर शोधले. पॅरालिंपिक पदकांच्या पोटात पोलादाच्या बारीक गोळ्या घातल्या. सुवर्णात २८, रौप्यात २० आणि कांस्यात १६. पदक कानाशी धरून हलवले की खुळखुळ्यासारखे वाजते आणि प्रत्येकाचा आवाज निराळा. याच स्पर्धेत दीपा मलिकने गोळाफेकीत रौप्यपदक मिळवून पॅरालिंपिक पदक जिंकणारी पहिली भारतीय स्त्री होण्याचा मान पटकावला.

टोकियोच्या पॅरालिंपिक पदकाचे चित्र साकिको मात्सुमोतो यांचे. त्यांनी जपानी पंख्याची कल्पना वापरली आणि पदकाच्या कडेला खाचा ठेवल्या. एक खाच म्हणजे सुवर्ण, दोन म्हणजे रौप्य, तीन म्हणजे कांस्य. सोनीपतच्या सुमित अंतिलने भालाफेकीत जिंकलेल्या सुवर्णाच्या कडेला अशी एकच खाच आहे. पॅरिसने २०२४ मध्ये कडेवर रेघा ठेवल्या आणि ब्रेल लिपीत अक्षरे उमटवली. ज्याने ही लिपी दिली तो लुई ब्रेल फ्रान्सचाच. तेव्हा ही अक्षरे म्हणजे त्या देशाची सहीच म्हणायची.

ही जाण नंतर इतर स्पर्धांतही आली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धांची पदके तिथल्या दागिने-कला महाविद्यालयाच्या तीन विद्यार्थिनींनी रेखाटली. शहराच्या रस्त्यांचा नकाशा त्यांनी बोटांना जाणवेल असा उठावदार केला आणि फितीची लांबी कमी-जास्त करता येईल अशी सोय ठेवली. सांगलीच्या संकेत सरगरने वेटलिफ्टिंगमध्ये त्या स्पर्धांतले भारताचे पहिले पदक, रौप्य, जिंकले, ते याच घडणीचे. एका शहराने विद्यार्थ्यांवर विश्वास टाकला आणि त्यांनी तो सार्थ केला.

दिल्लीने काय सांगितले?

आता आपल्या राजधानीकडे वळू. ४ ते ११ मार्च १९५१ या दिवसांत दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. ११ देशांचे ४८९ खेळाडू आले होते. देश नुकताच स्वतंत्र झालेला, हाताशी साधने थोडी. खेळा, पण खिलाडूपणाने खेळा, अशा अर्थाचा संदेश पंडित नेहरूंनी दिला होता. सचिन नाग यांनी पोहण्यात भारताचे पहिले आशियाई सुवर्ण मिळवले आणि मुंबईच्या लेव्ही पिंटोने १०० आणि २०० मीटर धावण्यात दोन सुवर्णपदके पटकावली.

१९८२ मध्ये ३३ देश आले. या वेळी दिल्लीने बोधचिन्हासाठी निवडले जंतर मंतर. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा सूर्याच्या सावलीवरून वेळ मोजते. जिथे सेकंदाच्या शंभराव्या भागाला किंमत असते, त्या खेळांसाठी याहून समर्पक खूण कोणती? ‘अप्पू’ हत्ती मुलांचा लाडका झाला, पण जंतर मंतरचे चिन्ह सरकारने काढलेल्या २५ पैशांच्या आणि २ रुपयांच्या नाण्यांवरून गावोगाव पोहोचले. अजूनही एखाद्या जुन्या डब्यात असे नाणे सापडते.

२०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या बॅटनची कल्पना बंगळूरच्या फोली डिझाइन्सचे मायकल फोली यांची. अॅल्युमिनियमची त्रिकोणी पट्टी पीळ देऊन वळवलेली आणि तिच्यावर भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतल्या मातीचे रंगीत थर. २९ ऑक्टोबर २००९ रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात राणी एलिझाबेथ यांनी ही बॅटन तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हाती दिली. जळगावच्या कन्येच्या हाती देशभरची माती आली, असेच ते दृश्य होते. त्या स्पर्धांत भारताने १०१ पदके मिळवली. त्यांत पुण्याच्या अनिसा सय्यदचे पिस्तूल नेमबाजीतले सुवर्ण होते, आणि नाशिकच्या आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता राऊतचे १०,००० मीटर धावण्यातले कांस्यही.

पदकाच्या चित्रात विचार किती खोल जाऊ शकतो, याचा सर्वांत सुंदर भारतीय दाखला खेळाच्या बाहेरचा आहे, पण तोही दिल्लीचा आणि एका मराठी घरातला. परमवीर चक्राची रचना सावित्रीबाई खानोलकरांनी केली. जन्माने त्या युरोपीय. स्वित्झर्लंडमध्ये १९१३ मध्ये जन्मलेल्या ईव्ह यांनी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न केले, मराठी आणि संस्कृत शिकल्या आणि भारताच्या पुराणकथांत रमल्या. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी त्यांच्यावर हे काम सोपवले. त्यांनी साध्या कांस्याच्या गोल चकतीवर राजमुद्रेभोवती चार वज्रे मांडली. हे वज्र इंद्राचे, दधीची ऋषींच्या अस्थींचे. दुसऱ्यांच्या रक्षणासाठी स्वतःचा देह देणाऱ्याची ती कथा. एकही शब्द न लिहिता त्यांनी शौर्याचा अर्थ सांगितला. सोने नाही, हिरे नाहीत, जांभळी फीतही साधीच.

पदकाचे खरे मोल

२०२३ मध्ये जंतर मंतरचे नाव पुन्हा पदकांशी जोडले गेले, पण फार वेगळ्या कारणाने. साक्षी मलिक, विनेश फोगट, बजरंग पुनिया हे मल्ल तिथे रस्त्यावर बसले होते. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर महिला मल्लांच्या लैंगिक छळाचे आरोप होते आणि त्यांच्यावर कारवाई व्हावी, ही मागणी होती. ३० मे रोजी हे खेळाडू आपली पदके गंगेत सोडून देण्यासाठी हरिद्वारला गेले. शेतकरी नेत्यांनी समजूत घातली आणि पदके परत आली.

त्या दिवशी हर की पौडीवर मल्लांच्या हातातल्या पदकांकडे सारा देश पाहत होता. त्यांतल्या चांदी-तांब्याची किंमत कुणी काढली नाही. आयुष्यातली सर्वांत मोलाची वस्तू सोडून द्यायला माणूस निघतो, तेव्हा त्याला किती लागले असेल, एवढेच सर्वांना कळले. पदक घडवणाऱ्याने आणि ते देणाऱ्या संस्थांनीही हे लक्षात ठेवावे. ज्या हातांत पदक द्यायचे, त्या हातांची प्रतिष्ठा राखली नाही, तर कितीही सुंदर रचना व्यर्थ आहे.

आता पुढची पाळी आपली

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला देण्यात आले. हॅमिल्टनच्या पहिल्या स्पर्धांना त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण होतील. म्हणजे भारताला पुन्हा एकदा त्या लहानशा चकतीवर स्वतःची ओळख मांडायची आहे. देशातली नामवंत राष्ट्रीय डिझाइन संस्था त्याच शहरात आहे. मुंबईचे जे. जे. कला महाविद्यालय १८५७ पासूनचे. बिदरीकाम करणारे, डोक्रा पद्धतीने ओतकाम करणारे आणि पुण्याच्या तांबट आळीत तांब्यावर ठोके देणारे कारागीर आजही आहेत. जपानसारखी खुली स्पर्धा घेतली, बर्मिंगहॅमसारखा विद्यार्थ्यांवर विश्वास टाकला, तर कल्पनांना तोटा पडणार नाही. मात्र इतिहास तपासून घ्यावा, वार्निश पारखून घ्यावे, आणि डोळे मिटून पदक हातात घेतले तरी ते ओळखू यावे.

तोवर एक काम आपल्यालाही करता येईल. बहुतेक घरांत मुलांच्या शाळेची, सोसायटीच्या क्रीडास्पर्धांची पदके खिळ्याला टांगलेली असतात. सगळी बाजारातून आणलेली, सगळ्यांवर तोच धावणारा माणूस. येत्या स्पर्धेच्या आधी मुलांनाच सांगून पाहावे, आपल्या गावाचे, आपल्या शाळेचे पदक तुम्ही काढा. कुणी शाळेतला पिंपळ काढेल, कुणी गावची वेस, कुणी एस.टी.चा थांबा. त्यातले एक चित्र निवडून गावच्या सोनाराकडून किंवा ओतारीकडून साधी पितळी पदके करून घ्यावीत. खर्च फार येणार नाही, आणि जिंकलेले मूल ते पदक मोठेपणीही सहज ओळखेल.